तीनने का भागले?

सरावली, डहाणू रोड
२० ऑक्टोबर १९६३

सौ. मनोरमाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र बुधवारी मिळाले. मी बरी आहे. अण्णांचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले.

तुम्ही मार्चमध्ये एस.एस.सी.ला बाहेरून बसणार, आणि भीती फक्त गणिताची आहे, हे समजले. गणितात घाबरण्यासारखे काही नसते असे मी लिहिणार नाही. असते. शाळा सोडून तुम्हाला इतकी वर्षे झाली आहेत की हात बसायला दोन महिने जातील. त्यानंतर जमेल.

तलासरीच्या एस.टी.ने माझे जुने बीजगणिताचे पुस्तक पाठवते आहे. त्यातली शेवटची, उत्तरांची पाने मी ब्लेडने कापून माझ्याकडे ठेवली आहेत. राग मानू नका. उत्तर आधी दिसले की माणूस गणिताला ओढत त्याच्याकडे नेतो. जमतील तितकी गणिते सोडवून मला पाठवा, मी तपासून परत करीन. रीत पूर्ण लिहा, खोडलेलेही राहू द्या. चूक झाली की नाही यापेक्षा ती कोणत्या पायरीवर झाली हे मला पाहायचे असते.

दिवाळीला येणे जमणार नाही. भाताची कापणी सुरू आहे आणि हाच आमच्या कामाचा हंगाम. माझे काम नेमके काय, असे तुम्ही विचारलेत. अण्णा कचेरीत अव्वल कारकून असून त्यांना ते सांगता आले नाही याचे नवल वाटले. तालुक्यात भाताचे पीक किती आले याचा अंदाज सरकारला हवा असतो. सगळी शेते मोजता येत नाहीत, म्हणून थोडी निवडतात, आणि निवडलेल्या शेतातही एक लहान चौकोन आखून तेवढेच कापून, झोडून तोलतात. चौकोन कुठे आखायचा हे छापील तक्त्यातल्या आकड्यांवरून ठरते. मी सांख्यिकी सहायक, म्हणजे तो तक्ता वाचणारी.

परवा गंजाडला महादेव नावाच्या शेतकऱ्याकडे गेले होते. खुंटी ठोकायला लागताच तो म्हणाला, "बाई, इथं नका. इथं उंदरांनी खाल्लंय. तिकडं बांधाला या, भात कसं लोळतंय बघा."

माझ्याबरोबर दशरथ शिपाई होता. तो म्हणाला, "बाईंच्या पसंतीचं काम नाय ते. चोपडीतले आकडे सांगतील तिथंच खुंटी."

"मग बाईंना कशाला दमवलं? चोपडीच पाठवायची."

मला त्याचे म्हणणे पटले, पण मी खुंटी हलवली नाही.

परीक्षेचे केंद्र डहाणू आले तर माझ्याकडे राहण्याची सोय होईल का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. आधी केंद्र ठरू दे.

अण्णांना नमस्कार.

वसुमती


८ डिसेंबर १९६३

सौ. मनोरमाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

फराळाचा डबा कंडक्टरने स्टँडवर दशरथच्या हाती दिला. चकल्या थोड्या मोडल्या, चवीला चांगल्या होत्या. घरमालकीण कुसुमबाईंना निम्म्या दिल्या. त्यांनी विचारले, "आईनं पाठवलं काय गो?" मी सांगितले, घरून आले.

तुमची गणिते तपासली. वर्गसमीकरणे बरोबर आहेत. चिन्ह बदलण्याची चूक आता होत नाही. अक्षर घाईचे आहे. चुलीजवळ बसून सोडवता असे कागदावरून दिसते. जमले तर जागा बदला, तेलाच्या डागाखाली चौथ्या गणिताचा घातांक वाचता येत नाही.

दोरीचे गणित तुम्ही फार चांगले केलेत. चाळीस फूट दोरीने घेरता येणारा सर्वांत मोठा आयत कोणता, हे तुम्ही बारा-आठ, अकरा-नऊ, दहा-दहा असे तक्ता करून शोधलेत आणि चौरस हे उत्तर काढलेत. मग खाली लिहिलेत: "पण दहाच्या आसपास थोडे इकडेतिकडे केले तरी फारसा फरक पडत नाही, असे का?" हा प्रश्न पुस्तकात नाही. माझ्या वर्गातही तो कुणी विचारला नव्हता. उंचीच्या टोकाला वाढ मंदावत जाते, ऐन टोकावर ती शून्य होते आणि पलीकडे उतार लागतो. ते शून्य नेमके कुठे आहे हे शोधण्याचे शास्त्र आहे, त्याला कलन म्हणतात. ते तुमच्या परीक्षेत नाही. वेळ वाया घालवू नये हे मला कळते, तरी हवे असेल तर लिहीन.

सरासरीचे गणित मात्र चुकले. ते मी घरचेच घातले होते, सोपे जावे म्हणून. महिन्याला तांदूळ अठरा किलो, तर दर माणशी किती? तुम्ही सहा लिहिलेत. भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला. घरात माणसे दोन आहेत. तीनने का भागले?

केंद्र डहाणूच आले, हे समजले. तलासरीची सकाळची गाडी पेपर सुरू झाल्यावर पोचते, हेही खरे आहे. माझी खोली लहान आहे. पाहू.

वसुमती


१९ जानेवारी १९६४

सौ. मनोरमाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पाकीट मिळाले. गणितांबरोबर चार पाने पत्र होते. पत्र आधी वाचले.

तीनने का भागले, याचे उत्तर तुम्ही एका ओळीत दिले आहे: "तुम्हाला धरून. मी तांदूळ तिघांचा आणते." मी ते उत्तर चूकच धरले आहे. आणलेला तांदूळ आणि लागलेला तांदूळ यांत फरक करायला हवा. जे माणूस त्या घरात जेवत नाही ते सरासरीत घेता येत नाही. शिरगणतीत मात्र थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेले माणूस घरातलेच धरतात आणि कायमचे गेलेले धरत नाहीत. मी कोणत्या रकान्यात बसते हे मी ठरवलेले नाही. गणित पुन्हा करून पाठवण्याची गरज नाही.

अण्णांचे बोलणे तुम्ही लिहिलेत ते वाचून मला ते समोर दिसले. "म्हातारपणी मलाही शिकवणी लावणार वाटतं?" आणि त्यावर तुम्ही, "आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल." आई त्यांना असे उत्तर देत नसे. ती गप्प बसे आणि दुपारी मला सांगे. दोन्ही रीती चालतात असे दिसते.

कलनाविषयी लिहिलेले तुम्हाला समजले, आणि दुधाचे उदाहरण बरोबर आहे. दूध तापताना पातळी किती चढली यापेक्षा ती किती वेगाने चढते आहे हे बघावे लागते, नाहीतर उतू जाते. तो वेग म्हणजेच मी सांगत होते ते. फक्त एक दुरुस्ती. तुम्ही वेग म्हणताना दोन क्षणांमधला वेग घेतला आहे. ते दोन क्षण जवळ आणत आणत एक व्हायला हवेत. हे चमत्कारिक वाटेल. पुण्याला शिकत असताना मलाही वाटले होते, आणि त्या आठवड्यात मी आईला पत्रात तेच लिहिले होते. तिला गणित येत नसे. तिने उत्तर पाठवले की दोन माणसे इतकी जवळ आली तर भांडण होईल. ते तिचे शेवटून दुसरे पत्र.

कुसुमबाई तुमची पाकिटे पाहून चिडवतात. काल अंगणात चिकू निवडत होत्या. मी टपाल घेऊन आले तर म्हणाल्या, "एवढं जाड पाकीट! कोण गो तो?"

"गणितं आहेत."

"पत्रातून गणितं? मग बस अशीच. नवरा मिळायचा तो भागाकार करूनच."

मी त्यांना सांगितले की तुम्ही परीक्षेला बसता आहात. तुम्ही कोण, ते त्यांनी विचारले. मी म्हणाले, वडिलांकडचे नाते आहे.

हे लिहायला नको होते, पण रीत पूर्ण लिहा असे मीच तुम्हाला सांगितले आहे.

तुम्हाला 'सौ. मनोरमाबाई यांस' वाचून कचेरीत आल्यासारखे वाटते, आणि मी मावशी म्हणावे, असे तुम्ही सुचवले आहे. विचार केला. आईला बहीण नव्हती. तो शब्द आमच्या घरात कुणाचा नाही, म्हणजे तो कुणाकडून काढून घ्यावा लागणार नाही. वापरता येईल.

राहण्याबद्दल कुसुमबाईंना विचारावे लागेल.

वसुमती


२३ फेब्रुवारी १९६४

मनोरमामावशीस,
नमस्कार.

तुमचे शेवटचे पत्र आठ ओळींचे होते आणि त्यात एकही गणित नव्हते. अण्णा म्हणतात, राहायची खात्रीची सोय असेल तर जा, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी अण्णांची बदली होईल, मग शिक्षिका होण्यासाठीचा तुमचा ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज राहील, आणि पुढच्या वर्षाच्या भरवशावर तुम्ही याआधी एकदा शाळा सोडलेली आहे. तुम्ही लिहिलेत, "तुम्हाला अडचण असेल तर तसे स्पष्ट लिहा. मी गणिते सोडवत राहीन, ती आवडू लागली आहेत." तुम्ही रागावला असतात तर मला सोपे गेले असते.

मी तीन पत्रांत या प्रश्नाला तीन उत्तरे दिली. केंद्र ठरू दे, खोली लहान आहे, कुसुमबाईंना विचारते. तिन्ही खरी नव्हती. केंद्र डहाणू येणार हे सगळ्यांना माहीत होते. खोलीत दोन अंथरुणे घालून मधून चालता येते. कुसुमबाईंना मी विचारलेच नाही, कारण दिवाळीतच त्या आपणहून म्हणाल्या होत्या, "घरचं कुणी आलं तर ओटीवरची बाज घे गो, रिकामीच पडलीय."

खरे कारण मला सरळ मांडता येईल का पाहते.

अण्णांनी लग्न केले हे मला पुण्याला पत्राने कळले, ते लागून गेल्यावर. त्यात तुमचा काही दोष नाही. हे मला तेव्हाही माहीत होते आणि त्याने फरक पडत नव्हता. नंतर मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात मिठाची बरणी दुसऱ्या फळीवर होती. मी हात नेहमीच्या जागी नेला आणि तिथे काही नव्हते. तुम्ही लगेच बरणी काढून दिलीत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. अण्णांना वाटले मी भांडून गेले. मी भांडले असते तर तिथे राहिले असते.

मग ही नोकरी घेतली आणि ही खोली. इथे सगळे जिथे ठेवावे तिथे राहते. कचेरीतून आले की दार उघडायचे, स्टोव्ह पेटवायचा, एकीचा भात टाकायचा. सुरुवातीला तो रोज जास्त व्हायचा. आता होत नाही. हे शिकायला मला वेळ लागला आणि मी ते चांगले शिकले. रविवारी मी कुणाशी बोलत नाही हे मला सोमवारी कचेरीत आवाज घोगरा निघतो तेव्हा कळते.

तुम्ही याल, पेपर द्याल, संध्याकाळी आपण बसून दुसऱ्या दिवशीचे पाहू. तुम्ही मिठाची बरणी हलवाल. मला चालेल, याची मला भीती वाटते. नंतर तुम्ही जाल, आणि ही खोली मला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागेल. म्हणून मी उत्तर टाळले. तुमची अडचण मोठी आणि माझी लहान आहे हे दिसत असूनही टाळले.

आता पुढचे. अण्णांना मी वेगळे पत्र टाकले आहे. त्यात इतकेच लिहिले आहे की सोय झाली आहे, मावशींना शनिवारी दुपारच्या गाडीत बसवून द्यावे. मावशी कोण हे त्यांना कळेल. न कळले तर तुम्ही सांगा.

काल बाज आत आणली. कुसुमबाईंनी धरू लागताना विचारले, "कोण येतंय?" मी म्हणाले, वडिलांची बायको. त्यांनी बाज खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मग भात कसला खाते ती, जाड की बारीक?" मला माहीत नव्हते. कळवा.

बरोबर दोन टाक, शाई, कंपासपेटी आणा. पुस्तके सगळी आणू नका, नवीन काही वाचायचे नाही. आलेख काढताना तुम्ही अक्षांवर माप लिहायला विसरता. तेवढ्याचेच गुण जातात, ते आपण रविवारी पक्के करू. हॉलमध्ये पहिले गणित सुटले नाही तर दुसरे घ्या. बाकीच्या मुली फ्रॉक आणि परकरात असतील आणि तुमच्याकडे बघतील. त्यांनाही गणिताचीच भीती वाटत असते.

स्टँडवर मी स्वतः येईन. गाडी उशिरा आली तरी थांबेन.

गणिताचा पेपर शेवटच्या दिवशी आहे. तो झाल्यावर तलासरीला परत जाणाऱ्या गाडीची वेळ तुम्ही विचारली आहे. ती मी पाहिलेली नाही, आणि पाहणारही नाही.

तुमची वाट पाहणारी,
वसुमती