समोर केलेली सही

सोमवार, ४
नवी नोकरी, नवी वही! पस्तिशीत का होईना, सरकारी खुर्ची मिळाली एकदाची. खिडकी नंबर तीन. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना सरकार दरमहा मदत देतं, तिचे अर्ज घ्यायचे. खुर्चीला चाकं आहेत, शिक्का कोरा करकरीत. सगळं कार्यालय नुकतंच पिस्ता रंगात रंगवलंय, फक्त माझ्या खिडकीवरची हातभर भिंत तशीच राहिलीय. शिपाईकाकांना म्हटलं, सरकारी काम म्हणजे असंच अर्धवट. ते हसले नाहीत. जाऊ दे, एकेकाचा स्वभाव.

मंगळवार, ५
आज साठ अर्ज! मान वर करायचीच नाही, नुसता कागद बघायचा, म्हणजे भराभर उरकतं. एकदाच माती खाल्ली. आठ-नऊ वर्षांची मुलगी आत्याबरोबर आली होती. अर्जावर आईची सही होती, वडिलांचा रकाना रिकामा. बापाची सही घेऊन या, मग बघू, असं मी ठणकावलं. रांग एकदम गप्प झाली. कागद परत सरकवताना खाली जोडलेला दाखला दिसला. वडिलांच्याच मृत्यूचा. हाक मारून थांबवायला हवं होतं. पण एवढ्या लोकांदेखत चूक कशी कबूल करायची? पुढचा अर्ज ओढला.

बुधवार, ६
डबा खाताना शिपाईकाकांनी सांगितलं. माझ्या खिडकीवरचा तो तुकडा रंगवताना रंगारी शिडीवरून पडला, जागच्या जागी गेला. कालची मुलगी त्याचीच. मी डबा तसाच बंद केला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परत आली की माफी मागायची आणि अर्ज घ्यायचा. ठरलं म्हणजे ठरलं.

गुरुवार, ७
आली, एकटीच. आत्याला ताप आहे म्हणाली. अर्ज सरकवला. वडिलांच्या रकान्यात सही होती, मोठी, वेडीवाकडी, पिस्ता रंगाची. रंग ओला होता, माझ्या अंगठ्याला लागला.
माफी राहिली बाजूलाच, मी उलट तापलो. वाटलं, पोरगी माझी थट्टा करतेय. अर्ज ठेवून घेतला आणि म्हणालो, घरून केलेली सही चालत नाही, माझ्यासमोर केलेली हवी. तिने शहाण्यासारखी मान हलवली. बाबांना सांगते म्हणाली.
एवढ्याशा जिवाशी असं वागलो. कुठे फेडणार आहे मी हे? अंगठा साबणाने घासघासून लाल झाला, रंग काही निघत नाही.

शुक्रवार, ८
भिंतीवरचा कोरा तुकडा निम्मा झालाय. कुणीच हात लावलेला नाही, शिपाईकाका शपथेवर सांगतात.
अर्ज साहेबांनी पाहिला. म्हणाले, बापाने सही केलीय म्हणजे बाप जिवंत आहे, मग मदत कसली? मंगळवारी नामंजूर करणार. चूक माझी, एवढंच लिहून दिलं तरी पोरीचं काम होईल. पेन उघडलं आणि परत खिशात ठेवलं. अजून कायम झालेलो नाही मी. नोकरी गेली तर?
भित्रा आहे मी. भित्रा आणि नालायक.

सोमवार, ११
भिंतीचा कोरा तुकडा चार बोटंच उरलाय. रंगाचा वास सगळीकडे. डब्यात, शर्टात, उशीला—
मुलगी येऊन गेली. बाबांचं थोडंच काम उरलंय म्हणाली. ते संपवून उद्या येतील—
मी हो म्हणालो. काय बोलतोय मी!

मंगळवार, १२
भिंत पूर्ण झाली.
कबुली लिहिली. मुलीचे वडील हयात नाहीत. सही मीच मागितली. चूक माझी. अर्ज मंजूर व्हावा. फक्त माझी सही राहिलीय. तासभर पेन हातात धरून बसलोय. होत नाही—

रांग गप्प झाली. गेल्या मंगळवारसारखीच.
शिडी टेकल्याचा आवाज. खिडकीला—
मान खाली. कागद बघायचा, नुसता कागद—
काचेखालून ओला हात आलाय. माझ्या कबुलीवर बोट ठेवलंय, सहीच्या जागी. मुलगी शेजारीच आहे. हळू आवाजात सांगतेय, बाबा म्हणतात, तुमची सही त्यांच्यासमोर व्हायला हवी—

केली. केली सही! शिपाईकाका कागद घेऊन साहेबांकडे गेले. आता तरी—
हात तिथेच आहे.
ती म्हणतेय, काका, एकदा तरी वर बघा ना—
मी मान वर