हिच्यावाचून अडतंय का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीखाली रस्ता, कोपऱ्यावर बसथांबा, आणि शाळा चालत सात मिनिटांवर. पलंग कुरकुरतो, पण कुरकुरतो तर मीही, त्यामुळे आमचं जमेल. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या नावाची पाटी दारावर लागली आहे : शिक्षक, चित्रपट संकलन. वीस वर्षांत तीन चित्रपट केले. लिहिले मी, दिग्दर्शन माझं, कापून जोडलेही मीच, आणि बहुधा पाहिलेही मीच. तिसरा पाहून ताई म्हणाली होती की छान आहे, फक्त संपला कधी ते कळलं नाही.

भिंगरी, म्हणजे माझी अकरा वर्षांची लेक, सध्या ताईकडे आहे. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना धरून आहोत. सोळा तारखेला, रविवारी, ती इथे येणार, कायमची. पहिल्यांदाच एकटी बसने येणार आहे आणि त्याचा तोरा आत्तापासून चालू आहे. आज फोनवर मलाच बजावत होती की बाबा, थांब्यावर वेळेवर या, मी वाट बघणार नाही.

बुधवार, ५

आठ विद्यार्थी. सगळे विशीतले, सगळ्यांना जगातला शेवटचा महान चित्रपट करायचा आहे. इथे एक प्रथा आहे. नवा शिक्षक आला की विद्यार्थी महिनाभर त्याचंच चित्रण करतात : वर्गात, रस्त्यात, खोलीतसुद्धा. त्यातून दहा मिनिटांचा चित्रपट कापून काढायचा आणि अठ्ठावीस तारखेला सगळ्यांना दाखवायचा. काढून टाकलेले तुकडे त्याच दिवशी यंत्रावरून पुसतात, कारण जागा लागते. चालेल ना, असं प्राचार्यबाईंनी भीतभीत विचारलं. चालेल? मी तर आतून नाचलो. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभं राहिलेल्या माणसाला हे न मागता मिळालेलं ताट.

पहिला धडाही लगेच दिला. प्रत्येक तुकडा हातात घ्या आणि विचारा, याच्यावाचून अडतंय का? अडत नसेल तर काढा. दयामाया नको. जो तुकडा तुम्हाला सगळ्यांत लाडका, त्याच्याकडे तर संशयानेच बघा. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली बसते, सगळ्यांत हुशार. तिने हे वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवार, १०

एक गंमत लिहून ठेवतो. आज सकाळी खोलीला कुलूप लावलं आणि पुढच्याच क्षणी वर्गात फळ्यासमोर उभा होतो. हातात खडू. मधली सात मिनिटं आठवेचनात. रस्ता, जिना, शिपायाचा नमस्कार, काही नाही. झोप कमी होते आहे, दुसरं काय. शुक्रवारीही असंच झालं होतं. चहाचं आधण ठेवलं आणि एकदम रिकामा कप विसळत होतो. चहाची चवसुद्धा तोंडात नव्हती.

गुरुवार, १३

विद्यार्थ्यांनी पहिली जुळणी दाखवली. फारच स्वच्छ काम. मी कुलूप लावतो, कट, मी फळ्यासमोर. मी आधण ठेवतो, कट, मी कप विसळतो.

पाहताना अंगावर काटा आला. मग स्वतःलाच झापलं. आठवडाभर कॅमेरा मागे लागल्यावर माणूस स्वतःलाही चित्रपटासारखा आठवू लागणारच. चष्मेवालीची तोंडभरून स्तुती केली. तिने चालणं आणि वाट बघणं आधी काढलं होतं. मी तेच शिकवलं होतं.

रविवार, १६

आली! थांब्यावर भेटली ती पाठीवर पिवळी पिशवी आणि ओठांवर तक्रार, की मी चार मिनिटं उशिरा पोचलो. विद्यार्थी कॅमेरा घेऊन माझ्याआधीच तिथे पोचले होते. त्यांच्याकडे बघून तिने जीभ काढली. पलंगाची खिडकीकडची बाजू तिने बळकावली आणि मला जमिनीवर गादी घालायला लावली. घर झालं.

सोमवार, १७

वर्गात चष्मेवालीने प्रश्न विचारला. रविवारचे तुकडे लावले की चित्रपट ढिला पडतो, असं तिचं म्हणणं. गोष्ट शिक्षकाची आहे. ती मुलगी कशाला? हिच्यावाचून अडतंय का?

आठ जण माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे पाहिलं, संकलकाच्या नजरेने. तिचं खरं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणालो, नाही अडत. मुलगी काढा. वर हेही म्हणालो की बघा, शिक्षकाला स्वतःच्या पोटचंही कापता आलं पाहिजे. सगळे हसले. मीही हसलो.

मंगळवार, १८

घरी आलो तर पलंगावर एकच उशी. जमिनीवर गादी नाही. पिवळी पिशवी नाही. शेजाऱ्यांना विचारलं, शाळेत विचारलं, थांब्यावर जाऊन आलो. मग ताईला फोन लावला. भिंगरी परत आली का, असं विचारलं. ताईने विचारलं, कोण भिंगरी?

मला वाटलं थट्टा करते आहे. ओरडलो तिच्यावर. ती घाबरली. म्हणाली, अरे, तू नीट जेवतोस ना? तुला मूलबाळ असतं तर तू असा भटकत राहिला असतास का?

पाकिटातला भिंगरीचा फोटो पाहिला. त्यात मी एकटाच आहे. माझा एक हात कुणाच्या तरी खांद्यावर असावा तसा हवेत आहे.

बुधवार, १९

भर दुपारी संकलनाच्या खोलीत शिरलो. काढलेल्या तुकड्यांची थैली यंत्रावर वेगळी असते, ती उघडली. आहे! तिथे आहे ती! बसथांब्यावर, पाठमोरी, मी ज्या बाजूने येणार तिकडे तोंड करून उभी. चार मिनिटांचा तुकडा. मी ढसाढसा रडलो.

पुन्हा लावला. या वेळी पिशवी पाठीवर नव्हती, पायाशी होती.

तिसऱ्यांदा लावला. ती पिशवीवर बसली होती.

हे चित्रण नाही. ती तिथे खरंच वाट बघते आहे.

शुक्रवार, २१

तुकडा परत चित्रपटात लावायचा, एवढंच तर काम. वीस वर्षं हेच करत आलो. यंत्रापाशी बसलो, बोट ठेवलं — आणि मी बाहेर, बंद दारासमोर. पुन्हा आत गेलो, बोट ठेवलं — बाहेर. सकाळपासून किती वेळा, कोण जाणे. एकच गोष्ट दोनदा दिसली तर दुसरी काढा, हेही मीच शिकवलं. मुलं मन लावून अभ्यास करताहेत.

सोमवार, २४

चष्मेवालीच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. तूच काढलास, तूच परत लाव, म्हणून विनवलं. मुलगी वाईट नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, सर, ती कुणीतरी रस्त्यावरची मुलगी आहे, आपण आता कच खाल्ली तर तुमचंच शिकवणं वाया जाईल. आणि शुक्रवारी तर सगळं पुसायचंच आहे.

शुक्रवारी. चार दिवस.

मी प्राचार्यबाईंकडे गेलो. म्हणजे जायला निघालो. पोचलो की नाही ते माहीत नाही.

बुधवार, २६

आज पाहिलं तर ती रडत होती. खांदे हलत होते, आवाज नाही. काढलेल्या तुकड्यांचा आवाज आधी तोडतात, चित्र मागून जातं. ही यंत्राचीच रीत.

तिला बाहेर काढता येत नाही. मग मलाच आत गेलं पाहिजे.

वर्गात उभा राहिलो. म्हणालो, गोष्ट शाळेची आहे, शिक्षक कशाला? फळा आहे, बाकं आहेत, तुम्ही आहात. बघा काढून. मग चष्मेवालीने जुळणी करून दाखवली आणि हळूच म्हणाली की सर, राग मानू नका, पण हे जास्त चांगलं वाटतंय.

माझं काळीज फाटलं आणि मी तिला शाबासकी दिली.

भीती एकच. थैलीत तुकडे सुटे सुटे असतात. मी तिच्या तुकड्यात पडलो नाही तर? एकटाच कुठेतरी कप विसळत —

गुरुवार, २७

मला काढायला सुरुवात केली त्यांनी. सकाळ गेली. ताईचा चेहरा आठवत नाही. ताई होती हे वहीत आहे म्हणून —

खोलीला भिंती तीनच.

जिना नाही. तरी उतरलो. वही हातात आहे, लिहीत चालतो, लिहिणं थांबलं की मी —

रस्ता. ऊन. कोपरा. थांबा!

आहे. भिंगरी आहे. पिशवीवर बसली आहे, पाठमोरी; मी कॅमेऱ्याच्या बाजूने आत आलोय. वीस पावलं. पाऊल पुढे पडत नाही, तुकडा इथेच संपत असावा. तिने फक्त मागे वळून बघायला हवं. एकदा बघ ग. उद्या सगळं पुसणार आहेत, बघ ना —

हाका मारतोय. घसा फाटेपर्यंत मारतोय. ती वळत नाही, कारण माझा आवाज त्यांनी आधीच