डेरेकच्या आवाजातला पोस्टमन

तीर्थरूप बाबा,

नुसतं ‘प्रिय बाबा’ लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेन्सिलनं खूण केली असती, म्हणून तीर्थरूप. पुढच्या मजकुरात खुणा करण्यासारखं बरंच सापडेल तुम्हाला.

काल तुमचं वर्षश्राद्ध केलं. स्लाउहून गुरुजी आले, हाउन्सलोहून अळूची पानं आणली, आणि ब्रॅकनेलमधली आपली नेहमीची सहा घरं जेवायला होती. जेवणं झाल्यावर तुमच्या आठवणी निघाल्या. वैद्यकाकू म्हणाल्या, “मेधा, ती चिनी मुलांची गोष्ट सांग ना.” आणि मी सांगितली! बार्शीच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलेल्या माझ्या बाबांचा आवाज आता चीनमधल्या हायस्कूलांत वाजतो, मुलं तो ऐकून परीक्षेची तयारी करतात. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मीही डोळे पुसले. रडू अगदी खरं होतं, बाबा, आणि गोष्ट साफ खोटी.

माणसं गेली. तुमचा जावई, नितीन, गुरुजींना गाडीनं सोडायला गेला. मी भांडी घासत होते, ईशा पुसत होती. ती एकदम म्हणाली, “ममा, यू स्टिल टेल पीपल दॅट?”

“काय?”

“आजोबाचा व्हॉइस. चायनामधला. तो डेरेक आहे ना. आजोबाला पण माहिती होता.”

माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. तुम्हाला माहीत होतं! गेलं वर्षभर मी स्वतःची एकाच गोष्टीनं समजूत घालत होते, की निदान तुम्ही समाधानानं गेलात. तेही काल गेलं. म्हणून हे पत्र लिहितेय. तुम्हाला जेवढं कळलं ते अर्धंच होतं, उरलेलं मी सांगायला हवं.

तुम्ही इथे इंग्लंडला आलात तेव्हा आई जाऊन तीन महिने झाले होते. तुम्ही दिवसभर खिडकीशी बसायचात. शेजारचा डेरेक कुंपणापलीकडून ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला की तेवढं तुमचं तोंड उघडायचं. मग एक दिवस तुम्ही माझ्या टेबलावरचे कागद उचललेत आणि विचारलंत, “हे काय गं?” मी सांगितलं, केंब्रिजच्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरून हे काम करते. चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांसाठी इंग्रजीचे सराव लिहायचे. वाचायचे उतारे, ऐकायचे संवाद, त्यावर प्रश्न आणि तीन पर्याय. आपल्या बारावीसारखी त्यांची एक मोठी परीक्षा असते, तिच्यासाठी. छोटे संवाद एकदा वाजतात, मोठे दोनदा.

तुम्ही तिथेच उभ्या उभ्या चार उतारे वाचलेत आणि म्हणालात, “यात काही घडतच नाही. टॉम लायब्ररीत गेला, पुस्तक परत केलं, घरी आला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं पहाटेपासून शाळेत बसतात म्हणतेस, आणि त्यांना तू हे ऐकवणार?”

केवढा राग आला होता मला! पण दुसऱ्या दिवसापासून खिडकी सुटली. सकाळचा चहा झाला की तुम्ही टोकदार पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यायचात आणि मी लिहिलेली प्रत्येक परीक्षा सोडवायचात. ‘यातला बी पर्यायसुद्धा बरोबर ठरू शकतो’ असं सांगून मला तीनदा तोंडावर पाडलंत. ‘चिनी मुलं’ हळूहळू ‘माझी चिनी मुलं’ झाली. टॉमची छत्री हरवायला लागली, त्याचं बहिणीशी भांडण व्हायला लागलं. तुमच्यामुळे माझे उतारे सुधारले, बाबा. हेलन म्हणायची की हल्ली तुझ्या लिखाणात जान आलीय. हेलन म्हणजे माझी वरिष्ठ. ते श्रेय मी एकटीनं घेतलं, हीसुद्धा खूण करून ठेवा.

मग ऑक्टोबरात तो पोस्टमन आला. निवृत्त पोस्टमनची मुलाखत, मोठा संवाद, दोनदा वाजणारा. कंपनी छोटी, म्हणून आवाजही मीच घरी रेकॉर्ड करून पाठवायची. मुलाखत घेणारी मी, आणि म्हातारा पुरुष कोणीतरी शोधायचा होता. मीच म्हटलं, “बाबा, तुम्ही वाचता का?”

आठ दिवस तयारी केलीत तुम्ही! कागदावर श्वास घ्यायच्या जागा आखल्यात. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून जिन्याखालच्या कपाटात आलात. आवाज घुमू नये म्हणून कोट आणि दुलया टांगलेल्या त्या अंधाऱ्या कपाटात आपण दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. ईशा बाहेरून म्हणाली, “आजोबा, देअर्ज नो कॅमेरा!” तुम्ही म्हणालात, “मुलांसमोर जायचंय ना, नीट जावं.”

आणि वाचलंत. तुमच्या वर्गातल्यासारखं, प्रत्येक शब्द वेगळा, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळलं पाहिजे असं.

बाबा, ती फाइल मी पाठवलीच नाही.

कंपनीनं तुम्हाला नाकारलं नाही. त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. उलट त्या युनिटच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की वेगवेगळ्या देशांतल्या बोलणाऱ्यांचं स्वागत आहे. दिवसभर दुसऱ्यांना ‘सूचना नीट वाचा’ सांगणारी बाई मी, ती ओळ मी वाचली होती. दोनदा वाचली होती. तरी हेडफोन लावून तुमचा आवाज ऐकला आणि मला घाम फुटला. हेलन विचारेल, हे कोण? मी म्हणेन, माझे वडील, इंग्रजीचे शिक्षक. म्हणजे माझं इंग्रजी कुठून आलं ते सगळ्यांना कळणार. सतरा वर्षं घासूनपुसून मी जे बोलायला शिकले, त्याच्या खाली काय आहे ते कळणार. मला तुमची लाज वाटली. दुसरा शब्द नाही याला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ईशाला शाळेतून आणायला गेलात, आणि मी डेरेकला बोलावलं. त्याच कपाटात, त्याच कोटांखाली बसवलं. तेच प्रश्न मी विचारले, तीच उत्तरं त्यानं वाचली. तुम्ही श्वासाच्या जागा आखलेला कागदच मी त्याच्या हातात दिला होता. दुसरा छापायचंही मला सुचलं नाही. “हूज डन दीज मार्क्स? व्हेरी हेल्पफुल,” म्हणाला तो.

आणि संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, “पाठवलं बाबा. आवडलं त्यांना.”

ईशानं काल मला पुढचं सांगितलं. फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मी केंब्रिजला गेले होते, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, “मला चिनी मुलांसारखी परीक्षा दे.” तिनं माझ्या फोल्डरमधून ते युनिट लावलं. तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात. माझा आवाज आला, गुड आफ्टरनून, आणि मग डेरेकचा. ईशा सांगत होती, “मी बंद करत होते. आजोबा नो म्हणाला. दोनदा असतो तर दोनदा ऐकायचा, असं म्हणाला.”

दोनदा ऐकलंत! सगळी उत्तरं लिहिलीत, सगळी बरोबर. मग पेन्सिल खाली ठेवून तिला म्हणालात, “डेरेक छान वाचतो. आईला सांगू नकोस हं, ती दमलेली असते.” चौदा वर्षांची पोर एक वर्ष आणि चार महिने ते पोटात घेऊन बसली. तिला का सांगितलंत हे, बाबा? हा माझा पहिला राग. खोटं माझं होतं, त्याचं ओझं तिच्यावर कशाला?

दुसरा राग असा की त्यानंतरही तुम्ही विचारत राहिलात. दर पंधरा दिवसांनी, चहा ढवळता ढवळता, “काय म्हणतात माझी चिनी मुलं?” आणि मी सांगत राहिले. एकदा तर चेंगडूची एक मुलगी रचली. म्हटलं, लिन नावाची मुलगी आहे, तिला तुमचं प्रत्येक वाक्य पहिल्याच वेळी कळलं म्हणे. तुम्ही शांतपणे विचारलंत, “तिला भाऊबहीण आहे का गं?” मी म्हटलं, “एक धाकटा भाऊ.” तुम्ही मान हलवलीत. काय चाललं होतं तुमच्या मनात? गृहपाठ न केलेल्या मुलाला तुम्ही कधी मारायचा नाहीत, रोज तोच प्रश्न विचारायचात, तो स्वतःहून कबूल करेपर्यंत. मलाही तशीच संधी देत होतात का? की त्या खोट्या लिनचीच तुम्हाला सोबत वाटायला लागली होती? मला कान धरून का नाही विचारलंत? मी मोडून पडले असते, पण वेळेवर तरी पडले असते!

डेरेकचा आवाज ऐकून तुम्ही काय ठरवलंत, ते आता कधीच कळणार नाही. मी तुमच्यासाठी प्रश्नही तयार केलाय, सवयच ना. मुलाखतीत म्हाताऱ्या वडिलांचा आवाज का नव्हता? ए, कंपनीला आवडला नाही. बी, फाइल खराब झाली. सी, मुलीनं पाठवली नाही. तुम्ही ए ला खूण केली असली तर चुकलात, बाबा. आयुष्यात एकदा तरी तुमचं उत्तर चुकलेलं असावं, असं फार वाटतंय.

पण काल रात्रभर मी मागचे दिवस तपासत होते, आणि भीती वाटते की तुम्ही चुकला नव्हतात, सी लाच खूण केली होतीत. त्या फेब्रुवारीनंतर तुम्ही कुंपणाशी जायचं कमी केलंत. मी म्हटलं, थंडी आहे. उतारे तपासायचं सोडलंत. मी म्हटलं, डोळे थकले. एप्रिलमध्ये जीपीकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सो, मिस्टर जोशी, हाऊ हॅव यू बीन?” तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी चक्क ओरडले तुमच्यावर, “बोला ना बाबा, तुम्हाला येतं ना!” तुम्ही हळूच म्हणालात, “तू सांग गं. तुझं कळतं त्यांना.”

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी भराभर तुमचं दुखणं इंग्रजीत सांगून मोकळी झाले. पुढे हॉस्पिटलमध्येही तेच. नर्सनं उशी नीट केली, “कम्फर्टेबल?” म्हणाली, तर त्या एका शब्दालाही तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. ज्या माणसानं बार्शीच्या किती पिढ्यांना इंग्रजीत तोंड उघडायला शिकवलं, मला शिकवलं, त्याचं तोंड मी बंद केलं. आणि वर सगळ्यांना सांगत सुटले की बाबा शेवटी फार अबोल झाले होते.

आज दुपारी मी जुना लॅपटॉप काढला. फाइल आहे, बाबा. पुसायचाही धीर मला झाला नव्हता. हेडफोन लावला आणि ईशाला म्हटलं, तू पण ऐक, एक कान तुझा. तुम्ही वाचताय. इतकं स्वच्छ, इतकं प्रेमानं! मला त्यात लाज वाटण्यासारखं काय ऐकू आलं होतं, ते आज शोधूनही सापडलं नाही. ईशा म्हणाली, “ही साउंड्स लाइक अ प्रॉपर पोस्टमन.” रेकॉर्डिंग झालं की पुढची-मागची टोकं कापायची असतात, ती मी कापलेलीच नव्हती. मुलाखत संपते. कोटांची सळसळ होते. मग तुम्ही मराठीत विचारता, “जमलं का गं?” आणि माझा आवाज येतो, खणखणीत, आनंदी: “एकदम मस्त, बाबा! उद्याच पाठवते.”

ईशानं माझ्याकडे बघितलं.

ती फाइल आता हेलनला पाठवायची, असं एक क्षण मनात आलं. पण ते माझ्या समाधानासाठी होईल, आणि तुम्हाला विचारताही येणार नाही. पुन्हा तुमच्या आवाजाचा निर्णय मी एकटीनं घ्यायचा? नको.

त्याऐवजी हे वचन घ्या. पुढच्या रविवारी त्याच सहा घरांना मी परत चहाला बोलावलंय. डेरेकलाही. वैद्यकाकूंसमोर, नितीनसमोर मी सगळं सांगणार आहे, लिनसुद्धा मीच रचली होती हे सांगणार आहे. ईशा माझ्याशेजारी बसेल, आता तिला काही पोटात ठेवावं लागणार नाही. मग तुमची मुलाखत सगळ्यांना ऐकवेन. दोनदा. टोकं कापणार नाही. माझं ते शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.

तुमची,
मेधा