जिन्यावरून पडलेली मुलगी

प्रिय मामा,

तुमच्या पोलीस चौकीत कॅमेरे बसवा म्हणत मोर्चात आलेली कॉलेजची मुलगी चौकीच्या जिन्यावरून पडली, असं तुम्ही अहवालात लिहिलंत. तिचा एक्स-रे मीच काढला. पडताना माणूस तळहात टेकतो. हिचं मनगट शाबूत आहे. डोक्यावर येणारी काठी अडवताना मोडतं, ते कोपराखालचं हाड मोडलंय.

“भाची आहेस, सांभाळून घे,” काल तुम्ही फोनवर म्हणालात. बाबांच्या मागे तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून गप्प राहिले. आज त्या मुलीने विचारलं, “ताई, फोटोत खरं दिसतं ना?”

“दिसतं,” मी म्हणाले.

उद्या चौकशी समितीपुढे मी साक्ष देणार आहे. हे पत्र पाठवलं तर तुम्ही समजवायला याल, आणि तुमच्यासमोर मला नाही म्हणता येत नाही. म्हणून पाठवत नाही.

तुम्ही शिकवलेली,
तुमची भाची