निम्मं त्यांचं, निम्मं आपलं

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भाऊजींची पाठ अजून धरलेलीच आहे हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, शेणाच्या पाट्या उचलायचं वय गेलं, आता बसून नुसत्या सूचना कराव्यात. तेवढं त्यांना पहिल्यापासून छान जमतं.

माझं म्हणशील तर ग्रंथालयाचा वाचनकक्ष रिकामा झाला की मी संगणकापुढे बसतो आणि तुझ्या रानासाठी अनुदान शोधतो. डोळे पार शिणले. एका योजनेत फक्त शेळ्या चालतात. दुसरीला नदीकाठची जमीन हवी. तिसरीत अर्जदार पस्तिशीच्या आतला हवा, म्हणजे तुला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. चौथीत सगळं जुळलं, तर ती गेल्याच वर्षी बंद झालेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

पण एक सापडली आहे, कुरणखात्याची. रानाचे चार भाग करायचे, मधे कुंपण घालायचं, प्रत्येक भागात पाण्याचा हौद बांधायचा आणि गुरं पाळीपाळीने फिरवायची. एका भागात गुरं चरत असली की बाकीच्या तीन भागांना विसावा मिळतो, गवत पुन्हा मूळ धरतं. खर्च निम्मा त्यांचा, निम्मा आपला. मी त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोललो. जमीन तुमच्या नावावर हवी, ती आहेच. मंजुरीआधी कामाला हात लावायचा नाही, आणि कुंपण पाच वर्षं राखायचं. बाकी किरकोळ. सोबतच्या अर्जावर सही करून पाठव. फेब्रुवारीअखेर त्यांच्या तपासणीच्या बाई येतील.

तू दमली आहेस, ते अक्षरावरूनच कळतं. अजून थोडी कळ काढ. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
बारक्या

*

ता. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना ऐकवायला. सूचनांचं वाक्य मुद्दाम मोठ्याने वाचलं. हसले, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून तुझ्याच नावाने ओरडले.

गुरं बावीस आहेत. रान तेवढ्यांना पुरत नाही, हे मला दिसतं. उताराला ह्यांच्या डोक्यासारखं टक्कल पडलंय आणि तळ्याच्या काठाचा नुसता चिखल झालाय. गेल्या आठवड्यात त्यात एक वासरू रुतलं, ते ओढून काढताना माझेच खांदे निखळायची वेळ आली. ह्यांचं एकच पालुपद, निम्मी विकून टाकू. व्यापारी दोनदा दारावरून गेला, एकदा आत येऊन पाणीही पिऊन गेला. पण मी ठामपणे नाही म्हटलं. ही सगळी आईच्या त्या एका तांबड्या गाईची वेल आहे. एकही जायची नाही, म्हणून तर तुला एवढं कामाला लावलंय. कुंपण झालं, हौद झाले की बावीसच्या बावीस त्याच रानावर निघतील.

तपासणीची काळजी तू करू नकोस. बाई यायच्या आत मी सगळं नीटनेटकं करते. परक्या माणसासमोर फाटकी सतरंजी अंथरू नये, हे आईनेच शिकवलंय ना आपल्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची. काय करतेय ते नंतर सांगेन. तुला कळलं की तू उगाच चार शंका काढशील.

रात्री जेवत जा. चहा म्हणजे जेवण नव्हे. ताईवरचा लोभ काटकसरीने खर्च करू नये.

तुझी,
ताई

*

ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज कुरणखात्याचा निरोप आला. अर्ज नामंजूर. कारण दिलंय, रान उत्तम स्थितीत असून मदतीची आवश्यकता दिसत नाही.

मी खुर्चीवरून उठलोच. लगेच त्यांना फोन केला. म्हणाले, गवत घोट्याच्या वर होतं, तळ्याचा काठ कोरडा होता, वर मुरूम पसरलेला होता, आणि मालकीणबाई सांगत होत्या की आमच्याकडे सगळं ठीक आहे. मग भाऊजींना फोन लावला तेव्हा खरं समजलं. तू महिनाभर गुरं गोठ्यात कोंडून विकतची वैरण घातलीस, रानाला पाणी देऊन हिरवं होऊ दिलंस, आणि उताराकडे बाईंना नेलंच नाहीस!

ताई, हात दाखवून अवलक्षण ते हेच. अगं, डॉक्टरकडे जाताना कोणी ताप उतरवून जातं का? ती माणसं आपलं दुःख बघायला आली होती, आणि तू त्यांना बैठकीच्या खोलीत बसवून परत पाठवलंस.

रागावलोय, पण रागावायलाही आता अंगात बळ उरलेलं नाही. मी फेरतपासणीसाठी गळ घातली आहे. महिनाअखेरीस त्याच बाई येतील. या वेळी काही म्हणजे काही झाकू नकोस. उतार दाखव, चिखल दाखव, वासरू रुतलं ते सांग. दमलीस तेही सांग. तुझ्या पाया पडतो.

लोभ असेलच. असला तर या वेळी माझं ऐकावं.

बारक्या

*

ता. ३० मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

गेले पंधरा दिवस लिहायचं टाळत होते. वैरणीने सगळी शिल्लक खाल्ली. त्या नामंजुरीनंतर ह्यांनी मला न विचारता व्यापाऱ्याला बोलावलं. मी भांडले नाही. भांडायला उभं राहावं लागतं, आणि मी दाराशी बसले होते. त्याने अकरा निवडली. व्यापाऱ्याची नजर ती, धडधाकट तेवढी उचलली. कपाळावर चांदणी असलेली गेली, तिची दोन्ही पोरं गेली. दोन तर गाभण होत्या. फळीवरून गाडीत चढताना चांदणीने वळून माझ्याकडे बघितलं असं लिहायचा मोह होतोय, पण तिने बघितलं नाही. तिच्यापुढे पेंढी धरली होती, ती खात होती. मीच बघत राहिले.

नंतर बाई आल्या. या वेळी मी सगळं दाखवलं. मुरूम खचून पुन्हा झालेल्या चिखलात त्यांचा बूट अडकला, तो मीच ओढून काढला. उतारावर उभं राहून सांगितलं की बाई, मी फार दमले आहे. परक्या माणसाला असं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या की आता होईल तुमचं काम. एवढ्या रानाला बाराच्या वर गुरं असली तर आम्ही मंजुरी देतच नाही. बावीस असती तर कुंपण घालूनही उपयोग नव्हता. तुमच्या भावाला जानेवारीतच फोनवर सांगितलं होतं.

मी त्यांना चहा दिला. साखर घालायची विसरले.

म्हणजे तुझं ते "बाकी किरकोळ" हे होतं. बारक्या, तुला माहीत होतं. मी बावीस वाचवायला धडपडत होते आणि तू गप्प होतास. आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर आकाशपाताळ एक केलं असतं, आठ दिवस रडले असते, आणि मग अकरा मी निवडली असती. म्हाताऱ्या, लंगड्या दिल्या असत्या. चांदणी ठेवली असती, गाभण गाई ठेवल्या असत्या. निवड माझी झाली असती. ती व्यापाऱ्याने केली.

आज यापुढे लिहवत नाही.

ताई

*

ता. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंजुरी आली. सोबत प्रत पाठवत आहे. चार भाग, चार हौद, निम्मा खर्च ते देणार. आपला निम्मा वाटा श्रमाचा धरला तरी चालेल, म्हणजे खड्डे खणणं आणि खांब रोवणं घरच्या माणसांनी केलं तर तेवढी रक्कम आपल्या वाट्यात जमा होते. काम पावसाआधी पुरं व्हायला हवं.

बारा गुरांची ती अट सांगितली असती तर तू अर्जावर सहीच केली नसतीस, असं मला वाटलं. एकदा तपासणी पार पडली की मंजुरीआधी समजावू, असा विचार केला. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं, एवढंच खरं.

भाऊजींना खड्डे खणता येणार नाहीत, आणि एकटीने तुझ्याच्याने होणार नाही. मी रजा काढू शकतो. पण कोणत्या तोंडाने येऊ? तुझा राग उतरला की एक ओळ टाक, मी लगेच निघतो.

लोभ मागण्याइतकं तोंड सध्या नाही.

बारक्या

*

ता. १५ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद, नेहमीचेच.

अर्जावर सही केली नसती, हे तुझं खरं आहे. पण ते मी करायचं होतं, तू माझ्या वतीने करायचं नव्हतं. यावर मी तुझ्याशी पुष्कळ बोलणार आहे आणि तू मान खाली घालून ऐकणार आहेस. ह्यांच्याशीही बोलायचं आहे, पण त्यांची पाठ जरा सरळ झाल्यावर.

खांब येऊन पडलेत. पहार मी एक दिवस चालवून बघितली, दुसऱ्या दिवशी हाताची मूठ मिटेना. राहिलेली अकरा दाव्याला बांधूनही आत्ताच रानातल्या उरल्यासुरल्या हिरव्या तुकड्याकडे माना लांब करून उभी असतात. कुंपण नसलं तर तोही ती संपवतील, आणि मग चांदणी गेली ती फुकटच गेली.

राग उतरला की ये म्हणणार होते. पण मला त्याला फार दिवस लागतील, आणि रानाकडे तेवढे दिवस नाहीत. म्हणून राग असतानाच ये.

तूर्त लोभ थोडका समजावा, पण समजावा.

तुझी,
ताई