साडेचार फुटांची भिंत

ता. ३ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

कपाटाच्या कारखान्यात नकाशे काढायचं काम लागलं म्हणतेस. वाचून आनंद व्हायला हवा होता, मला मेलं झोंबलं. वर्षभर तू दारोदार फिरलीस. जिथे तिथे एकच प्रश्न, सगळे वापरतात ते सॉफ्टवेअर येतं का. तुला येतं ते दुसरंच, क्लासवाल्याने स्वस्तात गळ्यात मारलेलं. त्याचं नाव ऐकून माणसं तोंड वाकडं करत. आणि आता हा कोण मालक उगवला, ज्याला नेमकं तेच हवंय? न खपणारा माल कुणी आपणहून मागायला आला की पाणी कुठेतरी मुरतंय समजावं.

आधीचा माणूस का गेला? तिथे दुसरं बाईमाणूस आहे का? सुट्टी कोणत्या वारी? पत्रातच लिही. फोनवर तू गोड बोलतेस, कागदावर खोडलेलं मला दिसतं.

खांदा दुखतोय, शिवण चालू आहे. लोभ आहेच, विश्वासाचं नंतर बघू.

तुझी मावशी

ता. १० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उलटतपासणी पोचली. आधीचे नकाशेवाले आजोबा थकले आणि मुलाकडे राहायला गेले. त्यांचे सगळे नकाशे याच सॉफ्टवेअरमध्ये आहेत, दुसऱ्यात उघडले की मापं इकडची तिकडे होतात. म्हणून मालकांना मी हवी. यात अख्खं कपाट पडद्यावर उभं राहतं. एक माप बदललं की सगळ्या फळ्या आपोआप बदलतात, आणि तीच मापं करवतीवर जातात. हिशेबाला एक काकू आहेत, तुझ्याइतक्याच तिखट. मला सुट्टी गुरुवारी, कारखाना मात्र चालूच असतो.

धाकधूक एकच. मी अजून कच्ची आहे. माझं पहिलं कपाट जागेवर बिनचूक बसलं तर कायम, फळ्या वाया गेल्या तर घरी. मग पुन्हा तीच दारं. तेव्हा आशीर्वाद दे, चौकशी नको.

ममता असू दे, संशय थोडा आटवलास तरी चालेल.

तुझी ठमी

ता. १८ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

चौकशी करायला मला वेळ कुठे आहे? गुरुवारी जरा बसने बाहेर गेले होते, तेवढंच.

एक सांगते. आमच्या धंद्यात नवा कटर आला की त्याला मुद्दाम चुकीचं माप देतात. न विचारता कात्री चालवली तर तो आळशी तरी असतो, नाहीतर लबाड. तुझ्या मालकाचीही अशी परीक्षा कुणीतरी घ्यायला हवी. मी आपलं म्हणते हो.

जेवत जा वेळेवर. आहेच मी.

तुझी मावशी

ता. २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पहिलं कपाट मिळालं. मालक सांगत होते, गुरुवारी एक बाई आल्या. नाव सांगितलं नाही, चहा नको म्हणाल्या, खुर्ची हलवून पाहिली, कॉम्प्युटरच्या मागे डोकावल्या. काकूंना विचारलं, पगार वेळेवर होतो का. मग खिडकीशेजारच्या पाच फुटी भिंतीसाठी कपाट सांगितलं. कपाट म्हणे इस्त्रीवाल्याच्या दुकानात उतरवायचं. मालक म्हणाले, एवढी संशयी बाई जन्मात पाहिली नाही.

शनिवारी फळ्या कापायच्या. हीच माझी परीक्षा.

लक्ष असू दे. आहेच म्हणा तुझं.

तुझी ठमी

ता. २७ मार्च

ठमे,

काम थांबव. भिंत साडेचार फूट आहे. मला कसं माहीत ते विचारू नकोस.

त्या बाईला वाटलं असेल, नव्या पोरीकडे कोण देतो, नकाशा मालकच काढेल. ती मूर्खच असणार. फोन लावला होता, तू हॅलो म्हणालीस आणि मी ठेवला.

मावशी

ता. २ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा फळ्या कापून झाल्या होत्या. आता पाणी पी.

पाच फूट माप घातलं तर सगळं कपाट ताणलं गेलं आणि त्याचं दार खिडकीवर आपटायला लागलं. अशी खिडकी आणि शेजारी इस्त्रीवाला, म्हणजे कुठली भिंत? लहानपणी त्याच भिंतीला लाथा मारत झोपायचे मी. मालकांना नाव सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, माप पटत नाही, पुन्हा घ्या. त्यांनी इस्त्रीवाल्याला फोन केला, त्याने तुझ्या घरात जाऊन तुझ्याच फितीने मोजून दिलं. तू म्हणे तेव्हा बाजारात होतीस.

साडेचार फुटांनीच कापलंय. बसलं की कळव, माझी नोकरी त्यात आहे.

आशीर्वाद चालू ठेव, परीक्षा पुरे.

तुझी ठमी

ता. ९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

कपाट आलं. बोट शिरेल एवढीसुद्धा फट नाही. मालक स्वतः आला होता बसवायला. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, कापायच्या आधी विचारणारी पोरगी मी सोडणार नाही. या वेळी त्याला चहा दिला मी. माणूस बरा असेल, पण इतका हसतो का?

आणि हे काय? मला दोन खण पुरे होते, तू तीन काढलेस. वरचं फळकुट खांदा न दुखता हात पोचेल एवढंच उंच, ते कळलं. पण तिसऱ्या खणाला कुलूप आहे आणि किल्ली आलेली नाही. इस्त्रीवाल्याला विचारलं, मालकाला विचारलं, दोघंही छताकडे बघतात. किल्ली कुणाकडे आहे याचा मला दाट संशय आहे.

पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. गुरुवारी घेऊन ये.

वाट बघणारी,
तुझी मावशी