गुळगुळीत पाळ

बाबा, तुम्ही गेल्यानंतर आपल्या गावच्या तलावाची पाळ, तो मातीचा बांध, मी पहिल्यांदा पाहिला तो संगणकावर. भंडाऱ्यात मी बागांची, इमारतींची त्रिमित चित्रं करून देते. तलावाच्या सुशोभीकरणाचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं, त्यानं मोजणीचे बिंदू माझ्याकडे पाठवले. बिंदू जोडले की आधी ओबडधोबड, कोनाकोनांचा आकार मिळतो. मग त्याच्या प्रत्येक तुकड्याचे आणखी लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा सरकवायचा. दोन-तीनदा केलं की कोपरे विरघळतात.

त्या ओबडधोबड आकारात चिंचेपाशी पाळ खचलेली स्पष्ट दिसत होती. मी लहान असताना तिथेच माझा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. तुम्ही डोक्यावरचं जाळं टाकून धावलात, मला ओढून काढलंत आणि आधी थोबाडीत दिलीत. मग माझा पाय धुता धुता हळूच म्हणालात, "थ्या जागी नोको जाऊ माय. पाणी अंदरून पोखरून राहिलं तिले." दर उन्हाळ्यात तुम्ही आणि गावातले बाकीचे मासेमार ढिवर मिळून तिथे दगड-माती भरायचात. तुमच्यामागे ते कोणी करत नाही.

गुळगुळीत करताना ती जागा बुजू नये म्हणून मी तिथल्या कडा मुद्दाम धारदार धरून ठेवल्या. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, हा खड्डा काहून दिसून राहिला? बैठकीत विचारतीन." खड्डा खराच आहे, असं मी त्याला सांगितलं. चित्र तर काम झाल्यानंतरचं आहे, आपण भरूच की, असं त्याचं म्हणणं. मी कडा सोडल्या. पहिल्या फेरीत खड्डा उथळ झाला, पुढच्या फेऱ्यांत दिसेनासा. मंजुरीच्या बैठकीत चित्र सगळ्यांना आवडलं आणि त्या जागेबद्दल कोणी विचारलंच नाही. पाळीवर फरशी बसली, दिवे लागले. आत काही भरल्याचं आईनं पाहिलं नाही.

आता पाऊस थांबत नाही. तलाव काठोकाठ आलाय, आपल्या घरामागे पाळीच्या पायथ्याशी गढूळ पाणी येतंय, असं आई फोनवर सांगत होती. मी ठेकेदाराला कळवलं, तर तो हसला. पाझर सगळ्याच तलावांना असतो म्हणाला. पण पाणी गढूळ आहे, म्हणजे पाळीच्या आतली माती वाहून येतेय. मग मी आईला खोटंच सांगितलं की तुझ्या नातीला ताप आहे, लाखांदूरहून मिळेल ती बस धर.

ती आली आहे, स्वयंपाकघरात पेज करतेय. नात अंगणभर धावतेय हे तिनं पाहिलं. मघाशी म्हणाली, "शेजारची बुढी एकटीच हाये. तिलेबी आणली असती."

बाबा, हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. पाळ फुटू शकते हे गावात मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.